येऊं द्या, जाऊं द्या : परवानगीच्या शब्दांची हकीकत



इंग्रजी भाषेंतील एका लहानशा क्रियापदापायीं माझ्या शेजाऱ्याच्या घरांतील सोन्याच्या चार बांगड्या तीन आठवडे गहाण पडल्या होत्या, आणि तो दोष सर्वस्वीं माझा होता. आजच्या भाषणाचा विषय शब्दांच्या इतिहासाचा असला तरी त्याचा आरंभ ह्या बांगड्यांपासून करणें मला भाग आहे.

माझें गांव रेडी. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, वेंगुर्ले तालुक्यांत, जेथें महाराष्ट्राची हद्द संपून गोव्याची लागते, तेथें समुद्राकांठीं तें वसलेलें आहे. मी शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, परंतु इंग्रजी कागद आला कीं तो मास्तरांकडे वाचावयास न्यावयाचा, अशी गांवाची रीत होती. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं माझा शेजारी असाच एक कागद घेऊन आला. माडांच्या बागेच्या हद्दीवरून त्याचा दावा चालला होता. खालच्या न्यायालयांत तो हरला होता आणि वरच्या न्यायालयांत त्यानें अपील केलें होतें. वकील परगांवीं गेलेले; निकालाची नक्कल त्यांच्या कारकुनानें हातीं ठेवलेली. कागदाच्या शेवटीं एक ओळ होती : 'अपील इज अलाउड'. 'अलाउ म्हणजे परवानगी देणें' हें मीं तोंवर शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें होतें. मीं चष्मा पुसला आणि सांगितलें, "तुला अपील करण्याची परवानगी मिळाली आहे. आतां खर्चाची तयारी ठेव."

तो बापडा म्हणाला, "मगे आतापर्यंत झाला ता काय?"

मीं म्हटलें, "ती नुसती परवानगी मागितली होती. खरें अपील आतां पुढें."

वकील परत आल्यावर उलगडा झाला कीं, अपील केव्हांच संपलें होतें आणि बाग शेजाऱ्याची ठरली होती. तोंपर्यंत बायकोच्या बांगड्या सोनाराकडे जाऊन पडल्या होत्या. शेजारी माझ्या ओटीवर येऊन बसला. रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "मास्तरांनू, कागद तुम्ही बरो वाचलात, पण अर्थ खंयचो सांगलात?" बांगड्या परत आल्या, व्याज कांहीं परत आलें नाहीं. व्याजाचे पैसे मीं देऊं केले, त्यानें ते घेतले नाहींत. त्या दिवसापासून ह्या क्रियापदाचा मीं पिच्छा पुरविला.

इंग्रजी कोशकार सांगतात कीं, 'अलाउ' हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारें इंग्रजींत आला, आणि त्याच्या पोटीं लॅटिनमधील दोन निरनिराळीं क्रियापदें एक होऊन गेलीं आहेत. एकाचा अर्थ 'प्रशंसा करणें', दुसऱ्याचा अर्थ 'नेमून देणें'. प्रशंसा करण्यावरून 'पसंत करणें, ग्राह्य मानणें' हा अर्थ निघाला. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत हें क्रियापद ह्या अर्थानें आढळतें. नेमून देण्यावरून भत्ता ह्या अर्थाचा 'अलाउअन्स' निघाला. 'करूं देणें' हा अर्थ ह्या दोहोंच्या संगतींत वाढला, आणि आज शाळेंत तोच तेवढा शिकविला जातो. न्यायालयानें मात्र जुना अर्थ जतन करून ठेवला. न्यायाधीश अपील 'अलाउ' करतात तेव्हां ते कोणास आंत येण्याची मोकळीक देत नसतात, तर त्याचें म्हणणें ग्राह्य धरीत असतात. आपल्याकडे त्याला 'मंजूर' हा नेमका शब्द आहे. तो अरबी, मूळ अर्थ 'पाहिलेलें', नजरेखालून गेलेलें. 'नजर' आणि 'मंजूर' हीं एकाच धातूचीं भावंडें आहेत. शेजाऱ्याला मीं 'अपील मंजूर' असे दोन शब्द सांगितले असते तर काम भागलें असतें.

आतां मराठीकडे वळूं. परवानगीसाठीं आपल्या भाषेचें मूळचें साधन म्हणजे 'देणें' हें क्रियापद. जाऊं दे, खाऊं दे, बसूं दे. इंग्रजींतील 'लेट' ह्याच्या जवळचें हें रूप आहे. पण 'जाऊं दिलें नाहीं' आणि 'जाण्याची परवानगी दिली नाहीं' ह्यांत अंतर आहे, तें मुलांस समजावतांना मी एक उदाहरण देत असें. 'पावसानें मला बाहेर पडूं दिलें नाहीं' हें वाक्य शुद्ध आहे. 'पावसानें मला बाहेर पडण्याची परवानगी दिली नाहीं' हें हास्यास्पद. कुत्रा आंत येऊं देत नाहीं, पण कुत्रा परवानगी नाकारीत नाहीं. 'ऊं देणें' ह्यांत प्रत्यक्ष वाट मोकळी झाली कीं अडली, एवढेंच पाहिलें जातें. 'परवानगी' ह्यांत मात्र कोणीतरी अधिकारी पुरुष लागतो, आणि त्याचा शब्द लागतो. वाट मोकळी असूनही परवानगी नसूं शकते. उलट परवानगीचा कागद खिशांत असूनही वाट अडलेली असूं शकते. दुसऱ्या प्रकाराचा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल.

घरांत तर 'देणें'ही लागत नाहीं. दारांत उभा राहून पाहुणा 'येऊं का?' म्हणतो, आणि उठतांनाही 'बरें, येऊं का?' असेंच म्हणतो. आंत येण्यास आणि बाहेर जाण्यास आपण एकाच प्रश्नानें अनुमति मागतों आणि एकाच 'या' शब्दानें ती देतों. परकी माणसाला हा घोटाळा वाटेल. आपल्याला कधींच वाटत नाहीं. अलीकडे मुलें वर्गाच्या दारांत 'सर, मी आंत येऊं शकतों का?' असें विचारतात. हें इंग्रजीचें जसेंच्या तसें उचललेलें वाक्य आहे. मी विचारीत असें, "पाय धड आहेत ना? मग येऊं शकतोस. यावें कीं नाहीं, तें विचार." मुलें हंसत, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच विचारीत.

आणखी एक घरगुती रूप आहे, तें व्याकरणाच्या पुस्तकांतून क्वचित् भेटतें : 'चालतें'. उपवासाला साबुदाणा चालतो, कांदा चालत नाहीं. ह्या वाक्यांत परवानगी देणारा कोण? शास्त्र म्हणावें तर कोणी पोथी उघडून पाहिलेली नसते. आजी म्हणावी तर तिनेंही तें आपल्या आजीकडून ऐकलेलें असतें. देणाराच नाहीं अशी ही परवानगी आहे. 'हरकत नाहीं' ही तिचीच बहीण. अरबींत 'हरकत' म्हणजे हालचाल. आपल्याकडे तिचा अर्थ आक्षेप असा झाला, आणि सरकारी दप्तरांत तिचें 'ना हरकत प्रमाणपत्र' होऊन बसलें. हें प्रमाणपत्र कांहींच देत नाहीं, फक्त आम्ही हललों नाहीं एवढें लिहून देतें. आणि त्याला किती खेपा पडतात!

घरांत अशा तऱ्हेनें शब्दावांचून भागतें. शब्द लागतो तो दारावर कोणी उभा असला म्हणजे. आमच्या किनाऱ्यावर असा कोणी ना कोणी सुमारें चौदाशें वर्षें उभा आहे, म्हणून ह्या शब्दांचा इतिहास सांगण्यास रेडीइतकें सोयीचें ठिकाण नाहीं असें मी म्हणतों. गांवाचा अभिमान आहेच. पण पुरावाही आहे.

बदामीच्या चालुक्यांच्या लेखांत 'रेवतीद्वीप' हें नांव येतें. विद्वानांनीं तें रेडीचेंच मानलें आहे. मंगलेश राजानें तें जिंकल्याचा उल्लेख ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या प्रसिद्ध लेखांत आहे. गोव्यांत सांपडलेला शके ५३२ चा, म्हणजे इ. स. ६१०-११ च्या सुमाराचा, एक ताम्रपट ह्याच रेवतीद्वीपाहून दिलेला आहे. देणारा बप्पूर वंशांतील सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा. चार विषयमंडलांचा हा अधिपति. त्यानें खेटाहार देशांतील एक गांव ब्राह्मणास दान दिलें. परंतु तें आपल्या एकट्याच्या इच्छेनें दिलें असें त्यानें लिहिलें नाहीं. पृथिवीवल्लभ महाराजांच्या, म्हणजे चालुक्य सम्राटांच्या, अनुमतीनें दिलें असें नमूद केलें. आमच्या गांवाहून निघालेल्या ह्या इतक्या जुन्या दस्तऐवजांत परवानगीची नोंद आहे, ही गोष्ट मला मोठी सूचक वाटते. गांव देणारा मोठा, पण त्याला देऊं देणारा त्याहून मोठा. तांब्याच्या पत्र्यावर ही उतरंड कोरून ठेवली नसती तर दान टिकलें नसतें.

संस्कृतांतील अनुज्ञा, अनुमति, संमति हे शब्द ह्याच थरांतले. तिघांचा उपयोग आपण एकाच अर्थानें करतों तो बरोबर नाहीं. वडील अनुज्ञा देतात, सभेचा अध्यक्ष अनुमति देतो, आणि संमति देतो तो बरोबरीचा. लग्नांत मुलीची संमति विचारावयाची असते. 'मुलीची परवानगी' असें कोणी म्हणालें तर विनोद होतो, आणि 'मुलीला परवानगी' असें म्हणालें तर तो विनोदही राहत नाहीं.

ताम्रपटानंतर सुमारें नऊशें वर्षांनीं ह्या किनाऱ्यावर दुसरा कागद आला, आणि त्यानें परवानगी ह्या कल्पनेलाच वेगळें वळण दिलें. १५०२ च्या सुमारास पोर्तुगीजांनीं मलबार किनाऱ्यावर असें ठरविलें कीं, हिंदी महासागरांत कोणाचेंही व्यापारी जहाज जावयाचें तर त्यानें आमचा 'कार्ताज' जवळ बाळगला पाहिजे. कार्ताजांत जहाजाचें नांव, नाखव्याचें नांव, जहाजाचा आकार, त्यावरील हत्यारें आणि जावयाचें बंदर हें सर्व लिहिलेलें असे. मिरी, दारूगोळा अशा मालाची बंदी असे. कार्ताज नसलें तर जहाज पकडलें जाई. कार्ताजाची फी अगदीं किरकोळ होती. खरी गोम पुढें होती : कार्ताज घेणाऱ्यानें पोर्तुगीज बंदरांत थांबून जकात भरलीच पाहिजे, ही त्यांतली अट. कागद स्वस्त आणि वाट महाग, असा हा सौदा होता. १५७३ सालीं गुजरात जिंकून घेणाऱ्या अकबर बादशहालाही मक्केच्या बाजूस जहाज पाठवावयाचें तर कार्ताज घ्यावा लागे. जमिनीवर ज्याच्या परवानगीवांचून पान हलत नसे, त्याला पाण्यावर दुसऱ्याची परवानगी लागत होती.

येथें प्रश्न असा उभा राहतो कीं, जें आपलें नाहीं तें दुसऱ्यास करूं देण्याचा अधिकार कोणास असतो काय? आमच्या कोळ्यांनीं आणि तांडेलांनीं हा प्रश्न निश्चित विचारला असेल. पण त्यांचें म्हणणें लिहून ठेवणारा कोणी नव्हता. लिहून ठेवलें तें हॉलंडच्या ह्यूगो ग्रोटियस नांवाच्या कायदेपंडितानें. १६०९ सालीं त्यानें 'मुक्त समुद्र' ह्या अर्थाच्या नांवाचें लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केलें आणि समुद्र कोणाच्याही मालकीचा असूं शकत नाहीं, असें पोर्तुगीजांविरुद्ध प्रतिपादन केलें. मोठें उदात्त प्रतिपादन! त्याच डचांनीं १६३७ सालीं आमच्या वेंगुर्ल्यास वखार घातली, आणि पुढें आपलें सामर्थ्य वाढतांच तेही इतरांच्या जहाजांस पास देऊं लागले.

मराठ्यांचें आरमार उभें राहिल्यावर ह्या खेळांत आपणही उतरलों. कान्होजी आंग्रे सरखेल ह्यांचें दस्तक घेतल्याशिवाय कोंकण किनाऱ्यावरून गलबत हांकारणें धोक्याचें होऊन बसलें. 'दस्तक' फारशी, 'दस्त' म्हणजे हात, दस्तक म्हणजे लहानसा हात. इंग्रज आणि पोर्तुगीज आंग्र्यांस चांचे म्हणत. कां? तर ते परवाना नसलेलीं गलबतें पकडीत म्हणून. पोर्तुगीज दोनशें वर्षें तेंच करीत आले होते, त्यास मात्र ते राज्यकारभार म्हणत. १७१३ सालीं इंग्रजांनीं आंग्र्यांशीं तह केला तेव्हां भांडणाचा एक मुद्दा हाच होता कीं, इंग्रजी निशाणाखालीं कोणाचा माल मोकळा जावयाचा. हीच कटकट पुढें बंगाल्यांत झाली. तेथें कंपनीला दिलेलें जकातमाफीचें दस्तक कंपनीचे नोकर आपल्या खासगी व्यापारासाठीं वापरूं लागले, त्यावरून मीर कासिमशीं बिघडलें आणि १७६४ सालीं बक्सारची लढाई झाली. एका परवान्याच्या अर्थावरून प्रांत गेले आहेत. माझ्या शेजाऱ्याच्या तर चार बांगड्याच होत्या.

'परवाना' हाही फारशी शब्द, आणि 'परवानगी' ही त्याचीच लेक. फारशींत परवाना म्हणजे आज्ञापत्र, आणि परवाना म्हणजे दिव्यावर झेंप घालणारा पतंगही. उर्दू शायरीचे शोकीन आणि वाहतूक खात्याचे कारकून एकच शब्द उच्चारतात, पण त्यांची भेट होत नाहीं. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें राजव्यवहारकोश सिद्ध झाला, तो दरबारांतील यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळावेत म्हणून. पुढें विसाव्या शतकांत सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ केली. तिनें दिलेले कित्येक शब्द आज आपण नकळत वापरतों. तरीही परवानगी, रजा, मुभा हे शब्द हलले नाहींत. माझ्या मतें त्याचें कारण त्यांच्या अर्थांतच आहे. ते एकमेकांचे पर्याय नाहींत, म्हणून एका 'अनुज्ञे'नें तिघांचें काम होत नाहीं.

रजा पाहा. अरबींत 'रिझा' म्हणजे संतोष, खुषी. धन्याची खुषी झाली म्हणजे चाकराला जावयास मिळे, म्हणून खुषी हीच रजा झाली, आणि मग रजा म्हणजे सुट्टी. इंग्रजी 'लीव्ह' ह्या नामाची चाल अगदीं हीच आहे. त्याचाही मूळ अर्थ परवानगी. प्रेम ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशीं त्याचें नातें आहे. आणि आज ऑफिसांत त्याचा अर्थ सुट्टी. दोन भाषांनीं एकमेकींस न विचारतां हीच वाट चालावी, ह्याचें मला अजूनही नवल वाटतें. रजेचा अर्ज लिहितांना आपण वरिष्ठांची खुषी मागत आहों, हें कोणाच्या ध्यानींमनींही नसतें.

'मुभा' ह्याचें मूळ इस्लामी धर्मशास्त्रांत आहे. तेथें 'मुबाह' म्हणजे जें करावेंच असें नाहीं आणि करूं नये असेंही नाहीं तें कर्म. केलें तर पुण्य नाहीं, न केलें तर पाप नाहीं. म्हणून मुभेंत हुकूम नसतो. वर्तमानपत्रें 'घरून काम करण्याची मुभा' असें लिहितात तेव्हां तें बरोबर असतें. 'घरून काम करण्याची सक्तीची मुभा' असेंही मीं एकदां वाचलें आहे, त्याबद्दल काय बोलावें!

परंतु ह्या सर्वांत मला प्रिय शब्द आहे 'कौल'. तोही अरबी, अर्थ 'बोलणें', दिलेला शब्द. लढाईनें वा दुष्काळानें गांव ओसाड पडला कीं सरकार रयतेस कौल देई : या, जमीन कसा, पहिल्या वर्षीं एवढाच सारा घेऊं, मग वर्षावर्षास बेताबेतानें वाढवूं, मध्येंच अधिक मागणार नाहीं. परवानगीच्या कागदानें घेणारा बांधला जातो. कौलाच्या कागदानें देणारा बांधला जातो. हा भेद लहान नाहीं. कौल मोडला तर कलंक राजाला लागे. शत्रूच्या किल्ल्यांतील शिबंदीसही बाहेर येण्यास कौल दिला जाई, आणि तो ज्याच्या भरंवशाचा असे त्याच्याच शब्दावर माणसें दरवाजा उघडीत.

आमच्या दक्षिण कोंकणांत हाच शब्द देवळांत गेला. कांहीं नवें करावयाचें तर ग्रामदेवतेला कौल लावावयाचा. मूर्तीवर पाण्यानें फुलांच्या पाकळ्या वा कळे लावतात. उजवीकडील पडला तर होकार, डावीकडील पडला तर नकार. मालवण तालुक्यांतील आचरें गांवाची गांवपळण आपण ऐकली असेल. श्रीदेव रामेश्वराचा कौल झाला म्हणजे सारा गांव गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन राहतो, आणि तीन दिवस तीन रात्रींनंतर परत यावयाचें तेंही पुन्हां कौल होईल तेव्हांच. जाण्याची अनुज्ञा निराळी, येण्याची निराळी. ह्यावर विश्वास ठेवावा न ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी स्वतः पाकळी पडण्याची वाट पाहणाऱ्यांपैकीं नाहीं. पण शब्दाचा प्रवास पाहा. राजाचें वचन तें देवाचें उत्तर झालें, आणि आतां निवडणुकीनंतर वर्तमानपत्रें 'मतदारांचा कौल' असें छापतात. पूर्वीं कौल वरून खालीं येत असे. आतां तो खालून वर जातो.

आतां दोन प्रसंग सांगतों, ते दोन्ही रेडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेले आहेत. उत्तरेस शिरोडें. तेथें मिठागरें आहेत. वि. स. खांडेकर ह्याच शिरोड्यास १९२० पासून १९३८ पर्यंत शाळामास्तर होते, हें आम्ही मास्तर मंडळी थोड्या ताठ मानेनें सांगतों. सरकारी परवान्यावांचून मीठ तयार करणें हा इंग्रजी अमदानींत गुन्हा होता. १९३० च्या मे महिन्यांत सत्याग्रही शिरोड्यास आले आणि त्यांनीं उघडपणें मीठ उचललें. कायदेभंग ह्या शब्दाचा त्या दिवशींचा अर्थ, परवानगी मागण्याचेंच नाकारणें, असा होता. पुढल्या वर्षीं गांधी-आयर्विन करार झाला, त्यांत मिठागरांजवळच्या गांवकऱ्यांस घरखर्चापुरतें मीठ घेण्याची वा करण्याची सवलत सरकारनें दिली. 'सवलत' हा शब्द सरकारच्या तोंडीं शोभतो. ज्यांनीं लाठ्या खाल्ल्या त्यांच्या दृष्टीनें तें आपलेंच मीठ होतें.

दक्षिणेस तेरेखोल. खाडीचें पाणी गोव्याची सीमा असावें असें नकाशावरून वाटतें, पण तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर तीरावर, म्हणजे आमच्याच बाजूस आहे. १७४६ सालीं पोर्तुगीजांनीं तो सावंतवाडीकर सावंतांकडून घेतला आणि सोडला नाहीं. १५ ऑगस्ट १९५४ रोजीं आल्फ्रेड अफोन्सो ह्यांच्या नेतृत्वाखालीं गोमंतकीय सत्याग्रही विनापरवाना आंत शिरले आणि त्यांनीं किल्ल्यावर तिरंगा लावला. त्यांस पकडण्यांत आलें. १९५५ पासून गोव्याची आर्थिक नाकेबंदी झाली, आणि सोयरिकी दोन्ही बाजूंस असलेल्या आमच्या गांवांत आप्तांकडे जाण्यासही कागदाची गोष्ट निघूं लागली. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला तेव्हां कार्ताजाच्या घराण्यांतला शेवटचा कागद आमच्या किनाऱ्यावरून गेला, असें आम्ही समजलों. २०२० सालीं महामारींत मुंबईचे चाकरमानी गणपतीला खासगी गाडीनें निघाले तेव्हां त्यांस ई-पास काढावा लागला. स्वतःच्या घरीं, स्वतःच्या गणपतीला! कारण रास्त होतें हें मी मान्य करतों. पण म्हाताऱ्या माणसांनीं 'पास' हा शब्द ऐकला तेव्हां त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारी मराठीसाठीं १९६० सालीं भाषा संचालनालय निघालें आणि 'लायसेन्स'ला 'अनुज्ञप्ति' हा शब्द मिळाला. शब्द व्याकरणास धरून आहे. तो फलकावर दिसतो. रांगेंत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडीं मात्र 'लायसन'च असतें. त्यांत मला वाईट वाटत नाहीं. लोक शब्द घेतात ते सोय पाहून घेतात, आणि आठ अक्षरांची सोय होईल तेथें चार अक्षरें पसंत करतात. 'ना हरकत' मात्र त्यांनीं आपणहून उचलला, कारण तो त्यांच्या घरचा होता.

गेल्या वर्षीं त्याच शेजाऱ्याचा नातू आखातांत नोकरीस निघाला. नवें पारपत्र दाखवावयास तो माझ्याकडे आला आणि आंतल्या पानावरची इंग्रजी मजकुराची ओळ काय आहे, असें विचारलें. ओळींत तेंच क्रियापद होतें : 'अलाउ'. ह्या वेळीं मीं घाई केली नाहीं. कपाटांतून कोश काढला. त्या वाक्यांत राष्ट्रपतींच्या नांवानें साऱ्या संबंधितांस विनंतीही आहे आणि अपेक्षाही आहे कीं, धारकास 'लेट' वांचून आणि अडथळ्यावांचून मोकळेपणानें जाऊं द्यावें. हें 'लेट' पाहून मी थबकलों, कारण 'लेट' म्हणजे 'करूं देणें' हें तर मीं जन्मभर शिकविलेलें. कोशांत पाहतां असें निघालें कीं, जुन्या इंग्रजींत दोन निराळे शब्द होते. एकाचा अर्थ करूं देणें, दुसऱ्याचा अडविणें. कालांतरानें दोघांचें रूप एक झालें, आणि अडविण्याचा अर्थ पारपत्रांत आणि टेनिसच्या खेळांत तेवढा उरला. म्हणजे ज्या भाषेंत 'जाऊं दे' आणि 'अडव' ह्यांना एकच शब्द होता, त्या भाषेंतला कागद घेऊन हा मुलगा समुद्रापलीकडे जात होता.

मीं त्याला सांगितलें, "ह्यांत लिहिलें आहे : ह्याला कोणी अडवूं नका, जाऊं द्या, आणि अडचण पडली तर मदत करा." त्यानें विचारलें, "म्हणजे परवानगी?" मीं म्हटलें, "नाहीं. तुला जाण्याची परवानगी त्या देशाचा व्हिसा देईल. हें आपल्या देशानें तुझ्यासाठीं टाकलेलें शब्द आहेत." आजोबा शेजारींच बसले होते. त्यांनीं पारपत्र हातांत घेतलें, उलटसुलट करून पाहिलें आणि मला विचारलें, "मास्तरांनू, ह्यो अर्थ नक्की मां?"

मीं कोश उघडा करून त्यांच्या पुढें ठेवला. मला दिलेला वेळ संपत आला आहे. येतों.